मेंढीचा गाभ रक्तावरून ओळखणें : ही परीक्षा कितपत खरी ?

मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यास वर्षांतून एकदां तरी तीन प्रश्न सोडवावे लागतात. कोणती मेंढी कळपांत ठेवावी, कोणती बाजारास न्यावी, आणि घरांत असलेली ढेप व कडबा ह्यांतून अधिक वांटा कोणास द्यावा. ह्या तिन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच गोष्टीवर येऊन ठेपतें. ती गोष्ट म्हणजे मेंढी गाभण आहे कीं रिकामी आहे, ही होय. गाभण मेंढी रिकामी समजून खाटकास दिली तर एका किंमतींत दोन जीव जातात. रिकामी मेंढी गाभण समजून पोसली तर पांच महिन्यांचा चारा व्यर्थ जातो.

आमच्या लोहाऱ्याच्या शिवारांत, व एकंदर यवतमाळ जिल्ह्यांत, कपाशीची उलंगवाडी झाली म्हणजे धनगरांचे व कच्छ-काठेवाडाकडील रबाऱ्यांचे कळप शेतांत उतरतात. त्यांच्या मेंढ्या रानांत बसवून लेंडीखत घेण्याची चाल जुनी आहे. त्याच वेळीं पुष्कळ सौदे होतात. आणि ‘मेंढी गाभण आहे’ एवढ्या शब्दावर घेणारा कांहीं रक्कम अधिक मोजतो. तो शब्द खरा कीं खोटा हें पांच महिन्यांनीं कळतें, व तोंवर कळप दुसऱ्या जिल्ह्यांत गेलेला असतो. अशा वेळीं ‘रक्त तपासून घ्या, म्हणजे नक्की कळेल’ असा सल्ला हल्लीं ऐकूं येतो. हा सल्ला चांगला आहे. परंतु ‘नक्की’ ह्या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतल्याशिवाय त्यावर पैसा लावणें शहाणपणाचें नाहीं. आम्ही पशुवैद्य नव्हें. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. म्हणून ह्या लेखांत औषधोपचार न सांगतां, परीक्षा कशी चालते व तिच्या उत्तराचा हिशेब कसा करावा, एवढेंच सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जुन्या खुणा व त्यांची मर्यादा

मेंढीचा गर्भकाळ सरासरीनें १४७ दिवसांचा, म्हणजे पांच महिन्यांस थोडा कमी असतो. ज्येष्ठ-आषाढांत फळलेली मेंढी कार्तिक-मार्गशीर्षांत विते. न फळलेल्या मेंढीस दर १६-१७ दिवसांनीं फिरून माज येतो. ह्या दोन आंकड्यांवरच धनगरांचें सर्व जुनें शास्त्र उभें आहे, व तें मुळींच टाकाऊ नाहीं. मेंढा दाखविल्यावर सतरा-अठरा दिवसांत मेंढी उलटली नाहीं तर ती गाभण धरावी, हा पहिला नियम. तिसरा महिना संपतां संपतां पोट खालीं उतरतें. पुढें कास भरूं लागते. अखेरच्या महिन्यांत कुशीला हात लाविला तर कोंकराची हालचाल लागते.

ह्या खुणांत दोष एवढाच कीं, पहिल्या खुणेस डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूस लागतो, व बाकीच्या खुणा फार उशिरां दिसतात. मेंढीचा माज गाईसारखा हंबरून कळत नाहीं. तो दीड दिवसाच्या आंत-बाहेर असतो, व मेंढा जवळ असल्याशिवाय तो बहुधा लक्षांतहि येत नाहीं. शिवाय पोट मोठें दिसण्यास गाभच कारण असतो असें नाहीं. हिरव्या चाऱ्यानेंहि तें मोठें दिसतें. लोंकर वाढलेली असेल तर पाहणाराची फसगत अधिक होते. ह्यामुळें पहिल्या दोन महिन्यांतच उत्तर देणारी एखादी परीक्षा असावी, ही इच्छा सर्व देशांतील मेंढपाळांस होती.

रक्तांत काय शोधितात

स्त्रियांच्या बाबतींत गर्भाची परीक्षा जर्मनींत १९२८ च्या सुमारास निघाली. ती मूत्रावरून, उंदरांच्या साह्यानें होत असे. घोडीच्या रक्तांत गाभणपणीं एक विशेष द्रव्य येतें, हें १९३० सालीं अमेरिकेंत कोल व हार्ट ह्या दोघांनीं दाखविलें. मेंढीचें दुर्दैव असें कीं, स्त्रीच्या व घोडीच्या देहांत येणारीं हीं द्रव्यें तिच्या देहांत येत नाहींत. म्हणून तिच्यासाठीं निराळी वाट शोधावी लागली. आज ज्या परीक्षा चालतात त्यांत मुख्य दोन प्रकार आहेत, आणि त्या दोहोंची योग्यता सारखी नाहीं. रक्त तपासून घेणाऱ्यानें प्रथम हाच प्रश्न विचारावा कीं, तपासणी कोणत्या प्रकारची आहे.

पहिला प्रकार प्रोजेस्टेरोन नांवाच्या द्रव्याचा. माज येऊन गेल्यावर मेंढीच्या अंडाशयांत एक पिवळा पिंड तयार होतो, व तो हें द्रव्य रक्तांत सोडतो. मेंढी फळली नसेल तर दोन आठवड्यांनंतर तो पिंड विरतो, द्रव्य घटतें, आणि फिरून माज येतो. मेंढी फळली असेल तर पिंड टिकतो व द्रव्य चढेंच राहतें. म्हणून मेंढा दाखविल्यापासून १६ ते १८ व्या दिवशीं रक्त घेतात. द्रव्य कमी आढळलें तर मेंढी रिकामी, हें उत्तर जवळजवळ नेहमीं खरें ठरतें. परंतु द्रव्य जास्त आढळलें म्हणजे मेंढी गाभणच, असें मात्र म्हणतां येत नाहीं. कारण तें द्रव्य गर्भाचें नव्हे, आईच्या अंडाशयाचें आहे. मेंढी दोन दिवस उशिरां माजावर आली असेल, फळल्याची तारीख चुकलेली असेल, किंवा पिंड कांहीं विकारानें रेंगाळला असेल, तरी तेंच उत्तर येतें. शेळींत तर गर्भाशयांत नुसतें पाणी सांठून खोटा गाभ राहण्याचा विकार आढळतो. त्यांतहि प्रोजेस्टेरोन चढलेलें असतें. शेळ्या पाळणाऱ्यांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत धरावी.

दुसरा प्रकार गर्भप्रथिनाचा. गर्भाभोंवतीं जी वार तयार होते, तिच्यांत दोन केंद्रकें असलेल्या विशेष पेशी असतात. त्या आईच्या गर्भाशयाच्या अस्तरांत शिरतात, व तेथून त्यांनीं तयार केलेलीं प्रथिनें आईच्या रक्तांत उतरतात. वार नसेल तर हीं प्रथिनें नवीन तयार होत नाहींत. अमेरिकेंतील आयडाहो विद्यापीठांतील गार्थ सॅसर व त्यांचे सहकारी ह्यांचें ह्या विषयावरील गाईंसंबंधींचें काम १९८२ सालीं प्रसिद्ध झालें. १९८८ सालीं तीच परीक्षा मेंढीच्या रक्तावर करून दाखविण्यांत आली. पुढें १९९१ सालीं बेल्जममधील लीज येथील संशोधकांनीं ह्याच कुळांतील गाईचें प्रथिन शुद्ध करून त्याचें वर्णन केलें. आज प्रयोगशाळांतून होणारी ‘गाभाची रक्ततपासणी’ बहुधा ह्या दुसऱ्या प्रकारची असते.

तपासणीची रीत थोडक्यांत अशी. मेंढीच्या मानेच्या शिरेंतून थोडेंसें रक्त नळींत घेतात. तें गोठल्यावर वर राहिलेलें पिवळसर पाणी काढून घेतात. एका थाळींत लहान लहान खळगे असतात. त्यांच्या तळाशीं हें प्रथिन पकडून ठेवणारें द्रव्य आधींच चिकटविलेलें असतें. त्यांत तें पाणी घातलें म्हणजे प्रथिन असल्यास तेथें अडकतें. नंतर घातलेल्या दुसऱ्या द्रव्यामुळें त्यास रंग येतो. रंग किती गडद झाला हें यंत्र मोजतें. ठराविक मर्यादेच्या वर रंग असल्यास ‘गाभण’, खालीं असल्यास ‘रिकामी’, आणि अगदीं मर्यादेच्या जवळ असल्यास ‘संशयित, पुन्हां तपासावी’ असा शेरा येतो. ह्यावरून वाचकांच्या लक्षांत येईल कीं, रक्त स्वतः ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणत नाहीं. तें कमी-जास्त रंग दाखवितें, आणि रेषा माणसानें आंखलेली असते.

चूक कोठून येते

ह्या परीक्षेंत येणाऱ्या चुकांचीं कारणें बहुतेक ठरलेलीं आहेत, व त्यांतील पुष्कळ शेतकऱ्याच्या हातांतलीं आहेत.

पहिलें कारण घाईचें. फळल्यापासून तीन आठवड्यांच्या आंत वार पुरेशी तयार झालेली नसते. म्हणून फळल्यापासून निदान ३० दिवस झाल्यावरच रक्त घ्यावें. मेंढा कळपांत मोकळा असेल तर हे ३० दिवस मेंढा काढून घेतल्याच्या तारखेपासून मोजावे, सोडल्याच्या तारखेपासून नव्हे. मेंढा दीड महिना कळपांत होता, व तो काढल्यावर आठ दिवसांत सर्वांचें रक्त घेतलें, तर शेवटीं फळलेल्या मेंढ्या ‘रिकाम्या’ ठरतील. त्यांत परीक्षेचा दोष नाहीं.

दुसरें कारण मागच्या वेताचें. व्यालेल्या मेंढीच्या रक्तांतून जुनीं प्रथिनें निघून जाण्यास सुमारें एक महिना लागतो. म्हणून नुकत्याच व्यालेल्या मेंढीचें रक्त तपासलें तर मागल्या गाभाचीच साक्ष मिळण्याचा संभव असतो. व्याल्यापासून दोन महिने झालेल्या मेंढीचेंच रक्त घ्यावें, म्हणजे हा संशय राहत नाहीं. गाभडलेल्या मेंढीचीहि गोष्ट अशीच आहे.

तिसरें कारण गर्भ मरण्याचें. मेंढींत कांहीं गर्भ प्रारंभींच नाश पावतात; त्यांतील बहुतेक पहिल्या तीन आठवड्यांत जातात, पण कांहीं पुढेंहि जातात. तिसाव्या दिवशीं ‘गाभण’ ठरलेली मेंढी चाळिसाव्या दिवशीं गाभ टाकूं शकते. तेव्हां कागदावरील उत्तर त्या दिवसापुरतें खरेंच होतें. मेंढी मात्र विणार नाहीं. पुष्कळ शेतकरी अशा वेळीं प्रयोगशाळेस दोष देतात, तो न्याय्य नाहीं.

चौथें कारण नमुन्याच्या हेळसांडीचें. रक्त नळींत जोरानें हलविलें, उन्हांत ठेविलें, किंवा प्रवासांत फार काळ राहिलें, तर तें फुटून लाल पाणी होतें व रंग नीट मोजला जात नाहीं. यवतमाळच्या वैशाखांत तर हें सहज घडेल. नमुने सकाळीं घेऊन गार पेटींत घालून पाठवावे.

पांचवें कारण नंबरांच्या गोंधळाचें, व ह्याविषयीं आम्हांस अधिकारानें बोलतां येईल. गट नंबर चुकला म्हणजे शेतसारा भलत्याच्या नांवावर चढतो; तसेंच नळीवरील नंबर चुकला म्हणजे एक गाभण मेंढी खाटकाकडे व एक रिकामी दावणीस जाते. एका चुकीनें दोन मेंढ्यांचें उत्तर बिघडतें. म्हणून कानांतील बिल्ल्याचा नंबर पाहून तोच नळीवर व वहींत, रक्त घेण्याच्या आधीं लिहावा. सर्व झाल्यावर आठवून लिहूं नये.

आणखी एक खुलासा अवश्य आहे. ‘रक्त तपासलें’ एवढें ऐकून गाभाची तपासणी झाली असें समजूं नये. सांसर्गिक गर्भपाताच्या, म्हणजे ब्रुसेलोसिसच्या, तपासणीसाठींहि रक्तच घेतात. तिचा हेतु निराळा आहे. तो रोग माणसांसहि होतो. म्हणून गाभडलेल्या मेंढीची वार उघड्या हातानें उचलूं नये.

शेंकडा नव्वद म्हणजे काय

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. ‘ही परीक्षा शेंकडा पंचाण्णव खरी आहे’ असें कोणी म्हटलें, तर त्याचा अर्थ दोन प्रकारें विचारावा लागतो. शंभर गाभण मेंढ्यांपैकीं किती ओळखल्या, हा एक प्रश्न. शंभर रिकाम्यांपैकीं किती ओळखल्या, हा दुसरा. परंतु शेतकऱ्यास ह्या दोहोंपेक्षां निराळाच तिसरा प्रश्न असतो. त्याच्या हातांत ‘गाभण’ अशी चिठ्ठी आलेली असते. ती चिठ्ठी खरी निघण्याचा संभव किती, हें त्यास पाहिजे असतें. आणि ह्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर केवळ परीक्षेवर नव्हे, तर कळपावरहि अवलंबून असतें. उदाहरणानें हें स्पष्ट होईल. पुढील आंकडे हिशेबाच्या सोयीसाठीं आम्हीं कल्पिलेले आहेत.

समजा, एक परीक्षा शंभर गाभण मेंढ्यांपैकीं ९५ ओळखते व ५ चुकविते. आणि शंभर रिकाम्यांपैकीं ९० ओळखते व १० चुकविते.

पहिला कळप घरचा आहे. चांगला मेंढा दीड महिना कळपांत होता. म्हणून १०० पैकीं ८० मेंढ्या गाभण व २० रिकाम्या आहेत. ८० गाभणांपैकीं ७६ मेंढ्यांस ‘गाभण’ अशी चिठ्ठी मिळेल व ४ मेंढ्यांस चुकून ‘रिकामी’ अशी मिळेल. २० रिकाम्यांपैकीं १८ मेंढ्यांस ‘रिकामी’ व २ मेंढ्यांस चुकून ‘गाभण’ अशी मिळेल. म्हणजे ‘गाभण’ चिठ्ठ्या एकंदर ७८, त्यांपैकीं ७६ खऱ्या. शेंकडा ९७ हून अधिक. पण ‘रिकामी’ चिठ्ठ्या २२, त्यांपैकीं खऱ्या १८ च. ह्या बावीस मेंढ्या डोळे मिटून खाटकास दिल्या तर चार गाभण मेंढ्या त्यांत जातील.

दुसरा कळप बाजारांतील आहे. मालकानें आधींच गाभण मेंढ्या निवडून ठेवून घेतल्या व उरलेल्या विकावयास आणिल्या. म्हणून १०० पैकीं २० च गाभण व ८० रिकाम्या आहेत. परीक्षा तीच. २० गाभणांपैकीं १९ ओळखल्या जातील. ८० रिकाम्यांपैकीं ७२ ओळखल्या जातील व ८ मेंढ्यांस चुकून ‘गाभण’ अशी चिठ्ठी मिळेल. ‘गाभण’ चिठ्ठ्या एकंदर २७. त्यांत खऱ्या १९. म्हणजे शंभरांतील तीस चिठ्ठ्या खोट्या! गाभणपणाबद्दल दर मेंढीमागें दोन हजार रुपये अधिक दिले असें धरिलें, तर आठ मेंढ्यांवर सोळा हजार रुपये पाण्यांत गेले. ह्याच कळपांतील ‘रिकामी’ चिठ्ठ्या मात्र ७३ पैकीं ७२ खऱ्या.

परीक्षा एकच, रक्त घेणाराहि एकच. तरी पहिल्या कळपांत ‘गाभण’ हा शब्द भरंवशाचा ठरला, व दुसऱ्यांत ‘रिकामी’ हा शब्द. ह्यावरून नियम असा निघतो कीं, ज्या उत्तराची आपणांस आधींपासूनच अपेक्षा असते तें उत्तर परीक्षेनें दिलें तर तें बहुधा खरें असतें. आणि अपेक्षेविरुद्ध उत्तर आलें तर तें आणखी एकदां पडताळून पाहावें. पिकाच्या पैसेवारीचेंहि असेंच नाहीं काय? सभोंवारच्या गांवांत पीक बरें असतां एकाच गांवची पैसेवारी अगदीं खालीं आली, तर जाणता अधिकारी कागदावर सही करण्यापूर्वीं शेतावर जाऊन कापणी करून पाहतो.

उत्तम गर्भप्रथिन-परीक्षा वर कल्पिलेल्या परीक्षेहून पुष्कळ सरस असते. योग्य दिवशीं घेतलेल्या रक्तावर तिच्या चुका थोड्याच होतात, व विशेषतः तिचें ‘रिकामी’ हें उत्तर फार भरंवशाचें मानितात. तरी चूक शून्य होत नाहीं, आणि जेथें चूक शून्य नाहीं तेथें वरील हिशेब लागू आहेच.

फलटणचें उदाहरण

आपल्या महाराष्ट्रांत मेंढीच्या रक्तपरीक्षेचा एक मोठा उपयोग झालेला आहे. तो गाभ ओळखण्यासाठीं नव्हे, तरी त्यापासून घेण्यासारखा बोध आहे. सातारा जिल्ह्यांत फलटण येथें बनबिहारी निंबकर ह्यांनीं १९६८ सालीं स्थापिलेली निंबकर कृषि संशोधन संस्था आहे. आपली दख्खनी मेंढी बहुधा एका वेतास एकच कोंकरूं देते. बंगालच्या सुंदरबनांतील गारोल नांवाच्या लहान मेंढींत जुळीं देण्याचा गुण आहे. तो गुण एका जनुकांतून येतो; त्या जनुकांतील नेमका फरक कोणता, हें १९०० नंतरच्या शंभर वर्षांतहि उलगडलें नव्हतें; तें २००१ सालीं उलगडलें. फलटणच्या संस्थेनें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या व ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें तो गुण दख्खनी मेंढींत उतरविला, व ‘नारी सुवर्णा’ ही जुळीं देणारी मेंढी तयार केली. कोणत्या कोंकरांत तो गुण उतरला आहे हें रक्तांतील जनुक तपासून ठरवितात.

आतां हे दोन दाखले शेजारीं ठेवून पाहावे. जनुकाचा दाखला एकदां मिळाला कीं जन्मभर टिकतो. गाभाचा दाखला मात्र तारखेपुरता असतो. सात-बाऱ्याच्या उताऱ्यांत नमुना सात जमीन कोणाची हें सांगतो, व तो सहसा पालटत नाहीं. नमुना बारा त्या हंगामीं पीक कोणतें हें सांगतो, व तो दर सालीं नवा लिहावा लागतो. गाभाची रक्तपरीक्षा ही नमुना बाराची नोंद आहे. ती गेल्या हंगामाची असेल तर तिच्यावर व्यवहार करूं नये.

दुसरा बोध जुळ्यांविषयीं. गर्भाची बहुतेक वाढ, म्हणजे जन्माच्या वजनाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग, अखेरच्या सहा आठवड्यांत होते. पोटांत जुळीं असून मेंढीस ह्या काळांत पोटभर सकस खाणें मिळालें नाहीं, तर ती आपल्याच अंगची चरबी जाळूं लागते, खाणें सोडते, व पुष्कळदां मरते. म्हणून जुळीं देणारी जात बाळगणाऱ्यास नुसतें ‘गाभण’ हें उत्तर पुरत नाहीं. कोंकरीं किती, हेंहि पाहिजे असतें. जुळीं असतां रक्तांतील प्रथिन सरासरीनें अधिक असतें खरें. परंतु एकटें व जुळीं ह्यांचे आंकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात कीं, एकट्या मेंढीपुरतें त्यावरून कांहीं ठरवितां येत नाहीं. येथें रक्तपरीक्षेची हद्द संपते.

रक्त कीं सोनोग्राफी

कोंकरांची संख्या पाहावयाची तर सोनोग्राफी करावी. पोटावरून यंत्र फिरवून ३५-४० दिवसांनंतर गाभ चांगला दिसतो. आणि ४५ ते ९० दिवसांच्या दरम्यान सरावलेला माणूस कोंकरीं मोजूं शकतो. उत्तर जागच्या जागीं मिळतें, गर्भाचें हृदय चाललेलें डोळ्यांनीं दिसतें, व नळ्यांच्या नंबरांचा गोंधळ होत नाहीं. मोठ्या कळपास हीच रीत स्वस्त व सोयीची पडते. मात्र यंत्र व सरावलेला हात दोन्ही पाहिजेत. नवशिक्याच्या हातीं उत्तम यंत्रहि चुकतें.

रक्तपरीक्षेचा गुण असा कीं, रक्त घेण्याचें काम कोणत्याहि शिक्षित पशुसेवकास करतां येतें, व सोनोग्राफीच्या थोडें आधीं उत्तर मिळूं शकतें. तिचा दोष असा कीं, ती प्रयोगशाळेंत होते, उत्तर येण्यास दिवस लागतात, आणि खर्च दर मेंढीमागें पडतो. म्हणून ती सरसकट सर्व कळपास न लावितां तीन प्रसंगीं लावावी : मोलाच्या मेंढ्यांस कृत्रिम रेतन केलें असेल तेव्हां, मोठ्या किंमतीची मेंढी गाभण म्हणून विकत घ्यावयाची असेल तेव्हां, आणि चांगल्या जातीची मेंढी कळपांतून काढून टाकण्याचा विचार असेल तेव्हां.

गाभ ठाऊक असण्याचा आणखी एक उपयोग आहे. जंताचीं औषधें कळपास पाजतांना कांहीं औषधें गाभाच्या प्रारंभीं अपाय करितात. अल्बेन्डाझोल हें नेहमींचें औषध फळल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत देऊं नये. परंतु ह्या काळांत रक्तपरीक्षाहि उत्तर देत नाहीं. तेथें मेंढा केव्हां सोडला ह्याची तारीखच कामास येते. म्हणून मेंढा सोडलेल्या कळपास कोणतेंहि औषध पाजण्यापूर्वीं पशुवैद्यांस ती तारीख सांगावी.

शेतकऱ्यानें काय करावें

सर्वांत स्वस्त परीक्षा घरचीच आहे, व ती प्रथम करावी. मेंढ्याच्या छातीस तेलांत कालविलेला रंग लावावा. तो ज्या मेंढीवर चढेल तिच्या पाठीमागें खूण उमटेल. पहिले सतरा दिवस पिवडी लावावी, पुढचे सतरा दिवस गेरू, व त्यापुढें काजळी. फिका रंग आधीं व गडद नंतर, म्हणजे जुन्या खुणेवर नवी दिसेल. जिच्यावर पिवडी उमटली व पुढें गेरू उमटला नाहीं, ती गाभण असण्याचा संभव मोठा. जिच्यावर तिन्ही रंग उमटले तिच्याविषयीं शंका घ्यावी. आणि पुष्कळ मेंढ्यांवर तिन्ही रंग उमटले तर मेंढींऐवजीं मेंढ्याविषयींच शंका घ्यावी. रंग दर दोन-तीन दिवसांनीं ताजा करावा.

नंतर, ज्यांचें रक्त तपासावयाचें त्यांची वही घालावी. तिच्यांत रकाने असे आंखावे : बिल्ल्याचा नंबर; मागें व्याल्याची तारीख; मेंढा सोडल्याची व काढल्याची तारीख; रंग उमटल्याची तारीख; रक्त घेतल्याची तारीख; परीक्षेचें उत्तर; आणि शेवटीं प्रत्यक्ष व्याल्याची तारीख. शेवटचा रकाना भरल्याशिवाय वही पुरी झाली असें समजूं नये. सर्व मेंढ्या व्याल्यावर ‘गाभण’ चिठ्ठ्यांपैकीं किती व्याल्या, व ‘रिकामी’ चिठ्ठ्यांपैकीं किती व्याल्या, हें मोजावें. मग परीक्षा कितपत खरी हें दुसऱ्यास विचारण्याचें कारण राहणार नाहीं. दहा-वीस मेंढ्यांवरून निष्कर्ष काढूं नये. परंतु एका गांवच्या दहा सभासदांनीं आपापल्या वह्या एकत्र केल्या, तर दोन वर्षांत विश्वास ठेवण्याजोगा आंकडा हातीं येईल. असें काम एकट्या शेतकऱ्याचें नव्हे. तें संस्थेचें आहे.

‘रिकामी’ असें उत्तर आलेली घरची मेंढी लगेच विकूं नये. लवकर रक्त घेतल्यामुळें झालेली चूक तीन आठवड्यांनीं दुसरें रक्त घेतल्यास बहुधा उघडकीस येते. तेवढ्यांत मेंढा जवळ ठेविला तर खरोखर रिकामी असलेली मेंढी सतरा दिवसांत बहुधा माजावर येईल, व एक पैसाहि न खर्चितां साक्ष मिळेल.

विकत घेणाऱ्यानें नुसती ‘गाभण’ अशी चिठ्ठी पाहून पैसे मोजूं नयेत. चिठ्ठींतील नंबर मेंढीच्या कानांत आहे काय, रक्त घेतल्याची तारीख कोणती, त्यापूर्वीं मेंढी केव्हां व्याली होती, आणि परीक्षा प्रोजेस्टेरोनची कीं गर्भप्रथिनाची, हे चार प्रश्न विचारावे. विकणारा एका प्रश्नाचेंहि उत्तर देऊं शकला नाहीं, तर ती मेंढी रिकामी धरून किंमत ठरवावी. अधिक किंमत देणेंच असेल तर गाभणपणाची जादा रक्कम मेंढी व्याल्यावर द्यावी, असें लिहून घ्यावें. प्रामाणिक विकणारास ही अट जाचक वाटणार नाहीं.

रक्तपरीक्षा हें चांगलें साधन आहे. तिला योग्य दिवस, स्वच्छ नमुना व बरोबर नंबर दिला, तर ती क्वचितच फसविते. परंतु ती कोणत्या दिवसाची साक्ष देते व कोणत्या कळपांत देते, हें पाहण्याचें काम मालकाचें आहे. तें प्रयोगशाळेवर सोंपवितां येत नाहीं. येत्या हंगामांत मेंढा सोडण्यापूर्वींच वही आंखून ठेवावी, एवढीच सर्व सभासद बंधूंस आमची विनंती आहे.